अकरा उ

तळटीप इतकी बारीक होती, की शेवटच्या रांगेतून ती कुणी वाचू नये असाच तिचा बेत असावा. पण नळीताईची नजर बारीक अक्षरांवरच वाढलेली. बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचण्यात वीस वर्षं गेली होती, सोळा मधुमेह विभागात आणि चार या नव्या, चार विभागांनी मिळून चालवलेल्या प्रकल्पात. पडद्यावर प्रकल्पाच्या नव्या रक्ततपासणीची अचूकता दाखवणारी रेघ झळकत होती, डावीकडून उठून थेट वर गेलेली, आणि पुढच्या खुर्च्यांतली डोकी तिच्याकडे घरात आलेल्या नव्या सुनेकडे बघावं तशी बघत होती. रेघेखाली मुंगीच्या अक्षरांत लिहिलं होतं: दोनशे बारापैकी अकरा नमुने वगळले, उशिरा. नळीताईचा एकदम तोल गेल्यासारखं झालं. जिना संपला म्हणून पाऊल सपाट टाकावं आणि आणखी एक पायरी निघावी, तसं. उशिरा? रक्त काढल्यापासून दोन तासांच्या आत नळी रक्ताचे थर वेगळे करणाऱ्या फिरकीत घातली नाही, तर ती उशिरा. आणि ही दोनशे बाराही माणसं तिच्या एकटीच्या हाताखालून गेलेली. आयुष्यात तिने पुष्कळ गोष्टी उशिरा केल्या होत्या. लग्नाचा विचार तर इतक्या उशिरा, की तो माणूसच वाट बघून निघून गेला. पण नळी? बापजन्मात नाही. पुढे टाळ्या वाजल्या, तिनेही दोन वाजवल्या, आणि तळहात एकमेकांवर आपटताना तिला वाटलं, आपण कुणाच्या तरी तोंडात मारतोय आणि ते तोंड आपलंच आहे.

चहा सुरू झाला. कॅन्सरवाले कॅन्सरवाल्यांत, साखरवाले साखरवाल्यांत, रसायनवाले खिडकीशी. चार वर्षं एका टेबलावर बसूनही चहाला आपापल्या गोठ्यात जायची सवय कुणाची सुटली नव्हती. त्यातल्या त्यात सगळ्यांत फिरायचा तो शास्त्रीबुवा. संख्याशास्त्री म्हणून शास्त्रीबुवा. वय तिशीच्या आत, पायांत कायम चपला, आणि माणसाला भेटल्याबरोबर त्याची सरासरी काढणार. "काय नळीताई, रेघ कशी वाटली?" त्याने विचारलं. "सरळ आहे," ती म्हणाली. "इतकी सरळ माणसं मी पाहिली नाहीत." तो हसला. ती हसली नाही. कप तसाच ठेवून ती खालच्या मजल्यावर गेली, उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरशेजारच्या खोलीत, जिथे लोखंडी कपाटात पहिल्या वर्षाची वही होती. फ्रीजर घशात कफ अडकलेल्या म्हाताऱ्यासारखा घुरघुरत होता. त्या घुरघुरीत तिने वही उघडली आणि शेवटच्या, शेऱ्याच्या रकान्यातून बोट खाली आणलं. पाच नंबर: उ. एकोणीस: उ. एक्केचाळीस: उ. तिच्याच हातचा, पोटाला गाठ मारून शेपूट वर वळवलेला उ. अकरा उ. ती चक्क हसली. उ म्हणजे उपाशी. मधुमेह विभागात सोळा वर्षं दुसरं काय लिहिलं तिने? उ आणि जे. उपाशी आणि जेवून. मग मान वर झाली तेव्हा समोरच्या भिंतीवर कॅन्सर विभागाचा पिवळा पडलेला तक्ता दिसला, चार वर्षं रोज दिसत होता तसाच: फु. म्हणजे रक्तपेशी फुटलेल्या, क. म्हणजे रक्त कमी, उ. म्हणजे उशिरा. वही आकड्यांच्या खोलीत गेली असणार, कुणीतरी तक्ता समोर ठेवून ती यंत्रात भरली असणार, आणि शास्त्रीबुवाने एका ओळीचा नियम लिहिला असणार: उ असेल तर वगळा. कुणीच काही वाईट केलं नव्हतं. दोन घरांत एकाच अक्षराला दोन अर्थ होते, आणि अकरा माणसं मधल्या उंबऱ्यात अडकली होती.

ती माणसं तिला दिसायला लागली. पहिल्या वर्षी कुणालाच उपाशी या म्हणून सांगितलेलं नव्हतं. तरी काही येत. रक्त द्यायचं म्हणजे उपाशीच जायचं, असं ज्यांच्या मनाने घेतलेलं असतं ती माणसं. नळीताई प्रत्येकाला विचारायची, "काही खाल्लंत का?" हे विचारणं तिच्या कामात नव्हतं, तोंडात होतं. पाच नंबर बसचा ड्रायव्हर, पहिली फेरी टाकून तसाच आलेला, दंडाला पट्टा बांधल्यावर म्हणाला, "बाई, लवकर घ्या, खाली गाडी उभी आहे आणि गाडीत माणसं." एकोणीस नंबर निवृत्त शिक्षिका, शीर सापडेना तेव्हा तिलाच धीर देत होती, "सावकाश, घाई करशील तर गणित चुकेल." एक्केचाळीस नंबर शिंपी, बोटांना सुईचे घट्टे, तीन बस बदलून आलेला. रक्त देऊन झाल्यावर त्याने कापूस दाबून धरत विचारलं होतं, "उपाशी आलोय. फुकट नाही ना जाणार?" आणि ती म्हणाली होती, "छे हो, फुकट कसं जाईल?" पुढे एक जण चक्कर येऊन दारातच पडला, तेव्हा प्रकल्पप्रमुख मोठ्या बाईंनी फतवा काढला: सगळ्यांनी खाऊन यायचं. म्हणून उ पहिल्या वर्षातच संपले. आणि नळी कधी फिरवली त्या वेळेचा रकाना दुसऱ्या वर्षी आला. म्हणजे त्या अकरांची साक्ष द्यायला तिच्याशिवाय जगात कुणी नव्हतं. यंत्र नाही, रकाना नाही. फक्त एका बाईची आठवण.

शास्त्रीबुवाने तिचं ऐकून घेतलं, चपलेतून पाय बाहेर काढला, परत घातला. मग पडद्याकडे वळून तो नियम पुसला आणि अकरा जणांना आत घेतलं. रेघ वाकली. मोडली नाही, पण मान टाकल्यासारखी मध्येच खाली आली. "अकरांपैकी सहा जणांना वर्षाच्या आत कॅन्सर निघाला," तो हळू म्हणाला, "आणि सहांच्याही रक्तात आपली खूण नाही. ताई, ही नुसती अकरा माणसं नाहीत, हा अख्खा प्रश्न आहे." मग त्याने नियम परत लिहिला आणि रेघ पुन्हा सरळ झाली. "हे मोठ्या बाईंना तुम्हीच सांगा. माझ्या हातात वही नाही, यंत्र आहे. यंत्राला विचाराल तर उ म्हणजे उ."

खूण म्हणजे सगळ्या प्रकल्पाचा जीव. रक्तातलं एक प्रथिन, ज्याच्यावरून नव्याने साखर वाढलेल्या माणसांपैकी कुणाच्या स्वादुपिंडात कॅन्सर दडून बसलाय ते कळावं. खूण दिसली तर पुढच्या तपासण्या. नाही दिसली तर घरी जा, साखरच आहे, गोळ्या घ्या. नळीताई हे वाक्य कुठेही ऐकलं तरी जीभ दातांखाली धरायची. साखरच आहे, आई. हे तिनेच म्हटलं होतं, प्रकल्पाच्या आधी दोन वर्षं. आईला साठीत साखर निघाली. तिनेच आईचं रक्त काढलं, उपाशीपोटी, स्वयंपाकघरात, ओट्यावर आईचा हात ठेवून. आईचं वजन उतरायला लागलं तेव्हा शेजारच्या बायका म्हणाल्या, बरी दिसायला लागलीस हो, आम्हालाही सांग काय करतेस. आई लाजून हसली होती. पदर खांद्यावरून सारखा घसरायचा आणि आई तो सावरत म्हणायची, "अगं, पोटात आतून कुणीतरी काही शिवल्यासारखं दुखतं." आणि ती, चौदा वर्षं नळ्या वाचणारी, म्हणाली, "साखरच आहे, आई. वेळेवर जेव." चार महिन्यांनी डोळे पिवळे झाले. त्यानंतरचं ती आठवत नसे. आठवायचा तो ओटा, आणि ओट्यावर गार पडलेला तो हात, आतली बाजू वर करून ठेवलेला, मागितल्यासारखा.

मोठ्या बाई कॅन्सरच्या डॉक्टर. कडक, पण आतून मऊ. रुग्ण गेला की दार लावून घेत आणि पाच मिनिटांनी तोंड धुऊन बाहेर येत. शोधनिबंध सोमवारी दुपारी जायचा होता. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून डोळ्यांच्या कोपऱ्यांत बोटं दाबली.

"चार वर्षांपूर्वीचं तुला इतकं नक्की आठवतं?"

"आठवतं."

"अकराही जण?"

"अकराही."

"मला काल मी काय जेवले ते आठवत नाही."

"काल तुम्ही जेवलाच नाहीत, बाई. बिस्किटांवर दिवस काढलात."

बाई हसल्या. हसतानाच त्यांनी ड्रॉवरमधून कोरा कागद काढला आणि सुबक अक्षरात एक वाक्य लिहिलं: शेऱ्यातील अक्षराचा अर्थ आज निश्चितपणे सांगता येत नाही. "यात खोटं काही नाही," त्या म्हणाल्या. "तुला कुणी खोटं बोल म्हणत नाहीये. आठवण ही आठवण असते. शंका असलेला नमुना वगळायचा, हा नियम आहे. एकदा हे छापून आलं की पुढच्या अभ्यासात उपाशी, जेवून, सगळं बघू. आठ वर्षं झाली गं माझी यात, चार तुझ्या आधीची." मग चष्मा परत घालत, "तुझ्या नोकरीची मुदत पुढच्या महिन्यात संपते. मला ती वाढवायचीच आहे. तो कागदही इथेच आहे." बाई धमकी देत नव्हत्या, हेच वाईट होतं. धमकी दिली असती तर नळीताई तिथेच उठली असती. तिने कागद घडी करून पिशवीत टाकला. सोमवारी सही करून देते, म्हणाली.

घरी बाबा खिडकीशी बसले होते. एके काळी कीर्तनात गाऊन उपदेश करणारे बाबा. कमरेला शेला बांधून उभे राहायचे, एक ओळ धरायचे, ती सोडून कुठल्या कुठे जायचे, राजाच्या गोष्टीत, भांडणाऱ्या नवराबायकोच्या गोष्टीत, लोकांना हसवून रडवून पुन्हा बरोब्बर त्याच ओळीवर येऊन उभे. आणि सुरू करायच्या आधी नेहमी हात कपाळावर आडवा धरून विचारायचे, "मागे ऐकू येतंय का?" लहानपणी ती मागेच बसायची, दाराशी, चपलांजवळ. हात वर करून ती सांगायची, येतंय. मग बाबा सुरू करायचे. आता त्यांनाच ऐकू येत नव्हतं. त्यांना काही सांगायचं म्हणजे साऱ्या चाळीला सांगायचं.

"बाबा, मला एक सही करायला सांगतायत."

"कुणाची सासू?"

"सही! अकरा माणसं उपाशी आली होती आणि यांनी लिहिलं उशिरा!"

"उपाशी? तू जेवली नाहीस का अजून?"

"मी नाही! ती! ती उपाशी होती! उशिरा नव्हती!" समोरच्या गॅलरीतली बाई कपडे वाळत घालायची थांबली. नळीताईला स्वतःचा आवाज भिंतीवरून परत आलेला ऐकू आला, आणि तिच्या ध्यानात आलं, की बाईंच्या खोलीत आपण हे इतकं हळू बोललो, की आपल्यालाच ते नीट ऐकू आलं नव्हतं. ओरडून सांगितल्यावर त्यात संशयाला जागाच उरत नव्हती. संशय हळू बोलणाऱ्यांचा असतो.

पण रविवारी सकाळी संशय आला. भाजी निवडताना आला, कुणी न बोलावता, ओळखीचा पाहुणा येतो तसा. ती बोटांवर अकरा जण मोजून बघत होती. पाच, ड्रायव्हर. एकोणीस, शिक्षिका. एक्केचाळीस, शिंपी. अठ्ठावन्न आणि एकोणसाठ, जावा-जावा, एकमेकींना सोबत म्हणून उपाशी. त्र्याहत्तर. त्र्याहत्तरशी बोट थांबलं. त्र्याहत्तर नंबरचा माणूस रडला होता. बायको आदल्या आठवड्यात गेली होती, आणि तो खुर्चीत बसून नळीताईला विचारत होता की आता औषधाची आठवण कोण करणार. ती त्याच्याजवळ बसली होती. किती वेळ? आईला जाऊन तेव्हा दोनच वर्षं झालेली. खिडकीतलं ऊन टेबलाच्या एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत सरकलं होतं, हे तिला आठवत होतं. नळी मांडणीत उभी होती, तेही आठवत होतं. काही खाल्लंत का, हे विचारल्याचं आठवत नव्हतं. समोर तक्ता होता. मग तो उ कुठल्या घरचा? तिने देठ मोडायचे ते पान मोडलं. बापजन्मात नाही, असं ती शुक्रवारी, तळटीप वाचून, मनाशी म्हणाली होती. आणि इथे बापजन्म तिच्याकडे बघत होता. एक उ जर डळमळला, तर बाकीचे दहा कशावरून खरे? बाईंचं वाक्य बरोबर होतं मग. निश्चितपणे सांगता येत नाही. किती सोपं, किती सभ्य वाक्य. त्याच्यावर सही केली की रडणारा माणूस, ऊन, ओटा, हात, सगळं बंद करून कपाटात ठेवता येत होतं. आणि त्र्याहत्तर त्या सहांतलाच होता, ज्यांना पुढे कॅन्सर निघाला.

"बाबा," ती ओरडली, "तुम्ही कधी मध्येच ओळ विसरलात का? उभं राहिल्यावर?"

हे त्यांना पहिल्याच झटक्यात ऐकू आलं. "एकदा? दर वेळी विसरायचो."

"मग काय करायचात?"

"सांगायचो, ही ओळ मला आठवत नाही. लोक हसायचे. मग पुढची म्हणायचो." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "एक विसरली म्हणून उरलेल्या गिळायच्या नसतात. उरलेल्या आणखी मोठ्याने म्हणायच्या. देवाला काय, त्याला सगळं ऐकू येतं. त्याच्यासाठी कशाला ओरडायचं? ओरडायचं ते दाराशी बसलेल्यासाठी." मग थोड्या वेळाने, "भाजीत पानं टाकतेस की देठं?"

सोमवारी दहा वाजता सगळे जमले. शेवटची बैठक. पुढे मोठ्या बाई, त्यांच्या शेजारी साखरवाले डॉक्टर, मग रसायनवाले, शास्त्रीबुवा यंत्राशी. नळीताई तिच्या जागी, दाराशी, शेवटच्या रांगेत. पडद्यावर रेघ होती, सरळ, न्हाऊन आल्यासारखी. बाईंनी मान न वळवता मागे हात केला. "तो कागद आणलास ना? दे, म्हणजे शास्त्रीबुवा जोडून टाकतील." हात हवेत राहिला. आतली बाजू वर, मागितल्यासारखा. नळीताईने त्या हाताकडे पाहिलं. सकाळी तिनेही काही खाल्लं नव्हतं, आणि हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

"आणलाय," ती म्हणाली. "पण ते वाक्य मी खोडलंय. खाली माझं लिहिलंय. वाचते." आणि ती उठून उभी राहिली. खुर्ची मागे सरकताना दारावर आपटली. "पाच नंबर. उपाशी. बसचे ड्रायव्हर, पहिली फेरी टाकून आले होते. एकोणीस नंबर. उपाशी. शिक्षिका. एक्केचाळीस. उपाशी. शिंपी, फुकट जाणार नाही ना, असं त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी नाही म्हणाले होते. अठ्ठावन्न. उपाशी. एकोणसाठ. उपाशी." पुढची डोकी वळेनात. फक्त रसायनवाल्यांतलं एक वळलं. तिला बाबांसारखं वाटलं, एक ओळ धरून उभं असल्यासारखं. उपाशी म्हणायचं, माणसाकडे जायचं, परत उपाशीवर यायचं. "त्र्याहत्तर," ती म्हणाली आणि थांबली. "त्र्याहत्तर मला सांगता येत नाही. त्या दिवशी मी रुग्णाजवळ बसून राहिले होते. नळी उशिरा झाली असेल. चूक माझी असेल. तो वगळा."

आता मोठ्या बाई वळल्या. "त्र्याहत्तर तुझ्या बाजूचा आहे," त्या म्हणाल्या. "कळतंय ना तुला?"

"कळतंय. म्हणूनच सांगितलं."

साखरवाले डॉक्टर पेन्सिलने दात कोरत होते, ती बाजूला ठेवून ते कुणाकडेच न बघता म्हणाले, "उपाशीपोटी स्वादुपिंड झोपतं, तेव्हा खूण रक्तात उतरतच नसेल. झोपलेला चोर आणि झोपलेला शिपाई सारखेच दिसतात. आणि आपण सोळा आणे खात्रीने सांगणार होतो की चोर नाही." शास्त्रीबुवाने पाय चपलेत नीट घातले. "ताई, उरलेले वाचा. मी एकेक आत घेतो." पडद्यावर रेघ पहिल्यांदा इतकीशी हलली, पापणी हलावी तशी. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या रिकाम्या हाताकडे, आणि तो हात त्यांनी हळूच मांडीवर ठेवला. आठ वर्षं त्या हातात मावत नव्हती, हे नळीताईला दिसत होतं. तिला त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं, त्र्याहत्तर नंबरजवळ बसली होती तसं. पण त्या दिवशी बसल्यामुळेच एक नळी हुकली होती. ती उभी राहिली. पुढच्या महिन्यात या खुर्चीवर कोण बसणार, ते तिला माहीत नव्हतं. अजून पाच जण होते. एका आचाऱ्यापासून सुरुवात होती, साऱ्या जगाला जेवू घालून स्वतः उपाशी आलेला. तिने कागद उजेडाकडे धरला, मोकळा हात कपाळावर आडवा ठेवला, आणि मोठ्या खुर्च्यांच्या पाठींवरून, थेट पडद्यापर्यंत जाईल अशा आवाजात विचारलं,

"पुढे ऐकू येतंय ना?"